घर गेलं, जमीन राहिली

पुण्यात पेठेतला एखादा जुना वाडा पाडला, की आठवड्याभरात कुठल्या तरी सदरात किंवा फेसबुकवर एक वाक्य हमखास येतं: 'इंग्रजांकडे बघा, त्यांनी आपलं कसं जपून ठेवलंय.' लिहिणारे बहुधा पंधरा दिवसांची सहल करून आलेले असतात. चॅट्सवर्थ किंवा ब्लेनहाइम यांसारखं सरदाराचं मोठं घर पाहिलेलं असतं, तिकीट काढून रांगेत उभं राहून मखमली दोरीपलीकडचे पलंग न्याहाळलेले असतात. त्यांनी पाहिलं ते खरंच आहे. फक्त ते उरलेलं आहे. जे गेलं त्याचं तिकीट कुणी विकत नाही.

मी लंडनच्या पूर्वेला, वॉन्स्टेडमध्ये राहते. सेंट्रल लाइनचं स्टेशन, एक हाय स्ट्रीट, आणि मध्यमवर्गीय लोकांची घरं. पलीकडे एक मोठा पार्क आहे, तळी आहेत, वसंतात निळ्या फुलांनी भरून जाणारं छोटं रान आहे. पार्कला लागून गोल्फ क्लब. त्या गोल्फच्या मैदानात एक मोठा खोलगट भाग आहे, त्यावर गवत वाढलंय. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या सर्वांत भव्य घरांपैकी एक तिथे उभं होतं. वॉन्स्टेड हाउस. १८२२ मध्ये घरातलं सामान विकलं गेलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत घरच विटा-दगडांच्या भावाने गेलं. ना आग लागली होती, ना कुणी हल्ला केला होता. मालक कर्जात बुडाला होता, एवढंच.

या घराचा पाया आपल्या मुंबईशी जोडलेला आहे, म्हणून गोष्ट जरा मागून सांगते.

सर जोसाया चाइल्ड हा लंडनच्या व्यापाऱ्याचा मुलगा. पोर्ट्समथला आरमाराला बिअर आणि शिधा पुरवता पुरवता त्याने पैसा केला, मग तो पैसा ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअर्समध्ये घातला. आफ्रिकेतून गुलाम नेणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीतही त्याचं भांडवल होतं. १६७३ च्या सुमारास त्याने वॉन्स्टेडची जहागीर विकत घेतली, आणि १६८१ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर झाला. गव्हर्नर म्हणजे मुंबईचा नव्हे, लंडनमधल्या कंपनीचा सर्वेसर्वा. हिंदुस्थान त्याने डोळ्यांनी कधी पाहिला नाही.

मार्च १६८३ मध्ये जॉन एव्हलिन नावाचा रोजनिशीकार वॉन्स्टेड बघून गेला. त्याने लिहून ठेवलंय, की चाइल्डने घराभोवती अक्रोडाची झाडं लावण्यावर आणि मैलोन्‌मैल तळी खणण्यावर अफाट खर्च चालवलाय, आणि तोही ओसाड जागी. एकाएकी पैसेवाले झालेले लोक बहुधा अशाच जागा निवडतात, असा शेराही मारलाय. खानदानी माणसाने नवश्रीमंताला मुरडलेलं नाक तीन-साडेतीनशे वर्षांनंतरही स्पष्ट दिसतं.

त्याच साली डिसेंबरमध्ये मुंबईत काय झालं ते एव्हलिनला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने १६६८ मध्ये कंपनीला दिलेली मुंबई तेव्हा तोट्यात होती. लंडनहून हुकूम सुटत होते: खर्च कमी करा, शिपायांचे पगार कापा, पदं रद्द करा. २७ डिसेंबर १६८३ रोजी कॅप्टन रिचर्ड केग्विनच्या हाताखालच्या शिबंदीने बंड केलं, डेप्युटी गव्हर्नरला कैद केलं आणि मुंबई कंपनीची नसून राजाची आहे, असं जाहीर करून टाकलं. जवळजवळ अकरा महिने बेट त्यांच्या ताब्यात होतं. या काळात केग्विनने संभाजी महाराजांशी तहसुद्धा केला. अखेर माफीचं वचन घेऊन नोव्हेंबर १६८४ मध्ये त्याने किल्ला सोडला.

एकाच वर्षाच्या दोन टोकांना या दोन नोंदी आहेत. मार्चमध्ये वॉन्स्टेडला अक्रोडांवर पैशाचा पाऊस, डिसेंबरमध्ये मुंबईत पगारकपातीवरून बंड. दोन्हीकडे माणूस एकच. इंग्लंडमधल्या घरांची वर्णनं वाचताना मला नेहमी वाटतं, की यातली अर्धीच रोजनिशी आपल्यापुढे ठेवलेली असते.

चाइल्ड तिथेच थांबला नाही. व्यापाराला तलवारीचा आधार हवा या मताचा तो होता, आणि १६८६ पासून कंपनीने थेट मुघलांशी लढाई मांडली. पश्चिम किनाऱ्यावर ती चालवणारा जॉन चाइल्ड. आडनाव तेच, पण नातं असल्याचा पुरावा नाही. त्याने मुघलांची जहाजं पकडली आणि औरंगजेबाचा रोष ओढवून घेतला. १६८९ मध्ये, संभाजी महाराजांची हत्या झाली त्याच वर्षी, जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला. माझगाव गेलं, माहीम गेलं, इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. शेवटी कंपनीचे वकील बादशहापुढे हात जोडून उभे राहिले, दीड लाख रुपये दंड कबूल केला, आणि सिद्दी जून १६९० मध्ये बेट सोडून गेला. जाताना माझगावचा किल्ला जाळून गेला. तोवर जॉन चाइल्ड मुंबईतच वारला होता. लंडनमधल्या चाइल्डला मात्र या सगळ्याची काही झळ लागली नाही. तो १६९९ मध्ये आपल्या तळ्यांच्या काठी श्रीमंत म्हणून मेला. वॉन्स्टेडच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याचं भलंमोठं संगमरवरी स्मारक आहे. रोमन पोशाखात, जणू सीझरचा चुलतभाऊ.

इथे आपल्याकडचा दुसरा वाद येतो. 'ही सगळी घरं आपल्या लुटीच्या पैशातून उभी आहेत.' पुण्याहून कुणी पाहुणा आला आणि मी त्याला वॉन्स्टेडची कथा सांगितली, की हे वाक्य ठरलेलं. मी ते खोडत नाही, पण तेवढ्यावर थांबायलाही तयार नाही. पुढच्या शतकात बंगालमध्ये जे झालं ती उघड लूट होती. १६८० च्या दशकातली गोष्ट थोडी वेगळी आहे. तेव्हा कंपनी औरंगजेबापुढे लोटांगण घालत होती. चाइल्डची श्रीमंती आली ती सुरतेच्या आणि मद्रासच्या कापडावरच्या मक्तेदारीतून, तो मक्ता टिकावा म्हणून लंडनच्या दरबारात चारलेल्या भेटींतून, आणि मुंबईतल्या शिपायांच्या पगारात वाचवलेल्या पैशांतून. त्या शिपायांत इंग्रजही होते, आणि सिद्दी उतरला तेव्हा ज्यांच्या गावांवर धाड आली ते मुंबईचे कोळी, भंडारी, कुणबी होते. 'त्यांनी आपलं लुटलं' या वाक्यात हे सगळे एका 'आपलं'मध्ये कोंबले जातात, आणि कंपनीला कर्ज देणारे सुरतेचे सावकारही त्याच 'आपलं'मध्ये हळूच शिरून बसतात. मला तरी त्यांना वेगळं काढावंसं वाटतं.

असो. घराकडे वळते. जोसायाच्या धाकट्या मुलाने, रिचर्डने, जुनं घर काढून १७१५ च्या सुमारास नवं बांधायला घेतलं. कोलेन कॅम्बेल हा वास्तुकार. दर्शनी बाजू २६० फूट लांब, मधोमध सहा खांबांचा देवळासारखा दरवाजा. इटलीतल्या पॅलाडिओ या वास्तुकाराच्या धर्तीवरची ही शैली पुढे इंग्लंडभर पसरली, आणि तिची सुरुवात करणाऱ्या घरांत हे अगदी पुढचं. घर आणि बाग मिळून तीन लाख साठ हजार पौंड लागले असं म्हटलं जातं. असे आकडे फुगवलेले असतात, तरी अर्धा धरला तरी डोळे फिरतात. आपला शनिवारवाडा याच पिढीतला, १७३२ चा. त्याचा खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये हे पुण्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. घराच्या आतला थाट बघायचा असेल, तर विल्यम होगार्थने वॉन्स्टेडच्या दिवाणखान्यात जमलेल्या मंडळींचं चित्र रंगवलं आहे. ते आज अमेरिकेत आहे, फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात. म्हणजे वाघनखं लंडनहून साताऱ्याला तीन वर्षांच्या बोलीवर आली म्हणून आपण वाद घातला, तसं इथल्या घराचं चित्रही परमुलखातच आहे. त्याबद्दल कुणी मोर्चा काढल्याचं मी ऐकलं नाही.

रिचर्ड आधी व्हायकाउंट झाला आणि १७३१ मध्ये अर्ल टिल्नी. व्यापाऱ्याचा नातू ते अर्ल, हे अंतर दोन पिढ्यांत कापलं. त्याचा मुलगा इटलीतच रमला आणि निपुत्रिक वारला, मालमत्ता भाच्याकडे गेली, भाच्याचा मुलगा १८०५ मध्ये शाळकरी वयात गेला, आणि सगळं येऊन पडलं कॅथरीन टिल्नी-लाँग या मुलीच्या पदरात. सरदारकुळाबाहेरची देशातली सर्वांत श्रीमंत मुलगी अशी तिची ख्याती. पुढे राजा झालेला ड्यूक ऑफ क्लॅरेन्ससुद्धा तिच्या मागे होता. तिने त्याला नकार दिला आणि मार्च १८१२ मध्ये लग्न केलं ते विल्यम वेलस्लीशी. लग्नानंतर त्याने बायकोच्या घराण्याची आडनावंही आपल्या नावाला जोडली: विल्यम पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली. नावाची लांबी आणि कर्जाची लांबी या गृहस्थाच्या बाबतीत बरोबरीने वाढत गेली.

वेलस्ली हे नाव आपल्याला परकं नाही. एप्रिल १८०३ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी पुण्यात शिरलेला, ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेणारा आणि सप्टेंबरमध्ये असईला शिंदे-भोसल्यांना हरवणारा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हा या विल्यमचा सख्खा काका. काकाच्या विजयाच्या जल्लोषात पुतण्याने १८१४ मध्ये वॉन्स्टेडला जंगी मेजवानी दिली. कंपनीच्या मक्त्यावर सुरू झालेलं घर अशा रीतीने असईवाल्यांच्या घरात आलं आणि त्यांनीच ते संपवलं. कुणी कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकाने 'फारच जुळवून आणलंय' म्हणून परत पाठवलं असतं.

पुढचं थोडक्यात. जुगार, निवडणुका, मेजवान्या, बाया. जमीन विवाहकराराने पुढच्या वारसासाठी बांधलेली होती, ती विकता येत नव्हती. घरातल्या वस्तूंना तसं बंधन नव्हतं. जून १८२२ मध्ये लिलाव सुरू झाला तो बत्तीस दिवस चालला. चित्रं, गालिचे, पलंग, स्वयंपाकघरातली भांडी. एकेचाळीस हजार पौंडांच्या आसपास आले. सावकारांचं तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा घरच मोडीत काढलं. दगड, लाकूड, शिसं, संगमरवर मिळून सुमारे दहा हजार पौंड. विकत घेणाऱ्यांनी भिंती उतरवून नेल्या. १८२५ च्या सप्टेंबरात कॅथरीन वारली, वय पस्तीस-छत्तीस. मुलांचा ताबा बापाला मिळू नये म्हणून तिच्या बहिणी आणि खुद्द वेलिंग्टन कोर्टात उभे राहिले, आणि लॉर्ड चॅन्सेलरने बापाला नालायक ठरवलं. बापाला मुलांवरचा हक्क नाकारणारा तो निकाल इंग्लंडच्या कायद्यात फार गाजला. विल्यम १८५७ पर्यंत जगला, शेवटी भाड्याच्या खोलीत.

हे वाचताना मला आपल्याकडची वाटणी आठवते. इंग्रज सरदारांत थोरल्याला सगळं. त्यामुळे घर अभंग राहतं, पण एकच वारस बिघडला की सगळंच जातं. त्याला अडवायला चुलते-पुतणे सहीचे मालक नसतात. आणि लग्न झालेल्या बाईच्या नावावरची संपत्ती नवऱ्याच्या हातात जाई. तिचा स्वतंत्र हक्क पूर्णपणे मान्य करणारा कायदा यायला १८८२ साल उजाडलं. आपल्याकडे उलट. एका वाड्याला चार पिढ्यांत चाळीस वारस. कुणी अमेरिकेत, कुणी औंधला, एक कोर्टात, एक रुसलेला. उधळून टाकायला कुणी एकटा समर्थ नाही, तसं दुरुस्त करायलाही नाही. पावसाळ्यात कौलं फुटतात, आणि ती कुणी बदलायची यावर दहा वर्षं जातात. इंग्लंडचं घर एका मूर्खाने बुडतं, आपलं चाळीस शहाण्यांनी.

वॉन्स्टेड हा अपवाद होता असं मानू नका. विसाव्या शतकात तर रांगच लागली. १८७० च्या दशकात अमेरिकेतून स्वस्त धान्य आलं आणि शेतीचं भाडं कोसळलं. १८९४ मध्ये मृत्यूनंतरचा वारसा कर आला. पहिल्या महायुद्धात काही घराण्यांत एका पाठोपाठ एक दोन वारस पडले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने घरं ताब्यात घेतली आणि परत दिली तेव्हा जिन्याचे कठडे शेकोटीत गेलेले होते. नोकर मिळेनात. १९५५ साल सर्वांत वाईट. त्या वर्षी सरासरी दर पाच दिवसांनी एक मोठं घर पाडलं गेलं असा हिशेब सांगतात. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या नष्ट झालेल्या घरांचं प्रदर्शनच मांडलं. एका दालनात कोसळते खांब उभे केले होते, त्यांवर पाडलेल्या घरांचे फोटो, आणि एक आवाज त्यांची नावं एकामागून एक वाचत होता. ती घरं हजाराहून अधिक होती. 'इंग्रजांनी कसं जपलंय' म्हणणाऱ्यांना त्या दालनातून एकदा फिरवून आणायला हवं होतं.

मग जपणूक आली कुठून? संस्कारातून आली असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. १९४७ पासून घरांच्या याद्या होत होत्या, पण यादीत नाव असूनही मालक घर पाडू शकत होता. सरकारला फक्त आगाऊ नोटीस द्यायची. १९६८ च्या कायद्याने ते बदललं. यादीतली इमारत पाडायला स्पष्ट परवानगी लागू लागली, आणि विनापरवाना पाडणं हा गुन्हा झाला. त्यानंतर आकडा खाली आला. शिवाय नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने कर माफ करून घेण्याच्या बदल्यात घरं स्वीकारली, जुन्या मालकाला तिथेच राहू दिलं, लोकांना तिकीट लावून आत सोडलं. म्हणजे एक सक्तीचा कायदा आणि एक करातली सवलत. इंग्रजांच्या रक्तात वारसाप्रेम वगैरे काही नाही. असतं तर बत्तीस दिवस बोली लावायला ते आले नसते.

पुण्यात हेरिटेज यादी आहे, श्रेण्या आहेत. पण मालकाला दुरुस्तीचा खर्च परवडेल असं त्या यादीत काही नाही, आणि भाडेकरूचं भाडं जुन्या भाडेनियंत्रण कायद्याने महिना काही रुपयांवर गोठलेलं. अशा वाड्याच्या मालकाला 'तुम्हाला इतिहासाची चाड नाही' म्हणणं म्हणजे नुसता उद्धटपणा. तो म्हणणारा बहुतेक फ्लॅटमध्ये राहत असतो.

मला वॉन्स्टेडमध्ये सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते घर गेल्यानंतर जमिनीचं काय झालं ते. जमीन बांधलेली असल्यामुळे तुकडे न पडता राहिली आणि फिरत फिरत लॉर्ड काउलीकडे आली. हाही वेलस्लीच, वेलिंग्टनचा पुतण्या. शेजारच्या वॉन्स्टेड फ्लॅट्स या मोकळ्या माळावर त्याच्या बाजूने कुंपणं उभी राहू लागली, घरं बांधण्यासाठी. तोवर लंडन इकडे सरकलं होतं, आणि ईस्ट एंडच्या कामगारांना रविवारी पाय मोकळे करायला तेवढीच जागा होती. जुलै १८७१ मध्ये हजारो माणसं माळावर जमली. भाषणं झाली, पोलीस होते, आणि दिवस मावळताना कुंपणं मोडली गेली. त्याच सुमारास लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने खटला भरला. हा माळ एपिंग फॉरेस्ट या जुन्या रानाचा भाग, आणि त्या रानात गुरं चारायचा जुना हक्क कॉर्पोरेशनकडेही होता, तोच आधार. १८७४ मध्ये कोर्टाने कुंपणं बेकायदा ठरवली आणि १८७८ मध्ये एपिंग फॉरेस्टचा कायदा झाला: हे रान कायमचं मोकळं राहील, लोकांच्या फिरण्या-खेळण्यासाठी. वॉन्स्टेड पार्कची जमीन १८८० मध्ये कॉर्पोरेशनने काउलीकडून मिळवली आणि १८८२ च्या ऑगस्टमध्ये तो सर्वांना खुला झाला.

तिथे आज ईलफर्डचे पंजाबी आजोबा, फॉरेस्ट गेटच्या बांगलादेशी बायका, पोलिश पोरं, आणि दिवाळीनंतरच्या रविवारी डबे घेऊन आलेली आमची मराठी मंडळी असतात. घर टिकलं असतं तर काय झालं असतं? बहुधा हॉटेल, लग्नाचे हॉल, आणि आत जायला माणशी वीस पौंड. वास्तुकलेच्या दृष्टीने फार मोठं नुकसान झालं हे मान्य करूनही मला आजचा पार्क जास्त मोलाचा वाटतो. इथल्या इतिहासप्रेमी शेजाऱ्यांना हे मत आवडत नाही. त्यांच्या तक्रारीतही तथ्य आहे: पार्क राष्ट्रीय 'धोक्यात असलेला वारसा' यादीत आहे, तळी गळतात, कोरड्या उन्हाळ्यात एखाद्या तळ्याचा तळ भेगाळून उघडा पडतो. चाइल्डने अफाट खर्च करून ओसाड जागी आणलेलं पाणी टिकवायला आज पैसे नाहीत.

पुण्यात घडतं ते याच्या बरोब्बर उलट. वॉन्स्टेडला जमीन विकता येत नव्हती म्हणून घर मोडलं. पेठेत जमीन सोन्याच्या भावाची म्हणून वाडा मोडतो. विटांना कुणी विचारत नाही, एफएसआयला, म्हणजे त्या जमिनीवर किती बांधता येईल त्याला, विचारतात. आणि वाडा गेला की त्याच्याबरोबर चौक जातो, आडाची जागा जाते, आंगण जातं. तिथे तळमजल्याला पार्किंग आणि वर सात मजले. आपला सगळा वाद मात्र दर्शनी दरवाजा, कोरीव तुळया आणि सज्ज्यांवर चालतो. 'निदान दरवाजा तरी जपा.' दरवाजा जपला जातोही. बिल्डर तो लॉबीत लावतो, त्यावर स्पॉटलाइट सोडतो आणि माहितीपत्रकात 'वारशाचा स्पर्श' असं छापतो.

घरांमागचा पैसा कुठून आला हा वाद इथेही पेटतो, हे पुण्याच्या वाचकांना फारसं माहीत नसतं. २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ९३ वास्तूंचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध सांगणारा अहवाल काढला. केवढा गहजब झाला! खासदार चिडले, सभासदांनी वर्गणी बंद करायच्या धमक्या दिल्या, ट्रस्टच्या विरोधात एक गट उभा राहिला. 'आम्ही सहलीला येतो ते बाग बघायला, अपराधी वाटून घ्यायला नाही' हा सूर. खुलदाबादची कबर उखडा म्हणणाऱ्यांचा आवाज आणि 'अहवाल मागे घ्या' म्हणणाऱ्यांचा आवाज ऐकायला वेगळे असले, तरी दोघांनाही खरं तर हिशेबाची एकच बाजू हवी असते. मला कबर हवी आहे आणि अहवालही हवा आहे. औरंगजेब, संभाजी महाराज, सिद्दी, चाइल्ड ही चार नावं १६८९ च्या एकाच पानावर आहेत. त्यातलं एक खरवडून काढलं तर बाकीच्या तिघांचं काय चाललं होतं तेही कळणार नाही.

हे सगळं दुरून बोलणं सोपं आहे, याची मला कल्पना आहे. माझं पुण्यात मत नाही, रोजचा ट्रॅफिक माझ्या वाट्याला नाही. पण माझी एक सही आहे. शनिवार पेठेतल्या आजोळच्या वाड्यात आईकडून आलेला हिस्सा माझ्या नावावर लागलाय, आणि सध्या सगळ्या वारसांकडून पुनर्विकासाची संमतिपत्रं गोळा करणं चालू आहे. मामेभावंडांच्या ग्रुपवर दोन तट आहेत. एक म्हणतो विकून मोकळे होऊ, दुसरा म्हणतो वाडा पडू देणार नाही. दुसऱ्या तटातल्या कुणीही गेल्या वीस वर्षांत कौलांसाठी पैसे दिलेले नाहीत, तेव्हा त्यांच्या निष्ठेचं मला फारसं कौतुक नाही. पहिला तट प्रामाणिक आहे, पण घाईत आहे.

मी सही करणार आहे, आणि तसं दोघांनाही कळवलंय. तीन अटी घातल्या आहेत. पहिली, पाडण्याआधी वाड्याची मोजणी करून नकाशे आणि फोटो करायचे, खर्च हिश्श्याप्रमाणे. ते नकाशे आणि माळ्यावरची मोडी दप्तरं भारत इतिहास संशोधक मंडळाने स्वीकारली तर तिथे द्यायची, कुणाच्या कपाटात नकोत. दुसरी, मागच्या दोन खोल्यांत चाळीस वर्षं राहणाऱ्या भाडेकरू काकूंना नव्या इमारतीत जागा, लेखी, आमच्या सह्यांच्या आधी. आणि तिसरी, चौकाएवढी जमीन मोकळी ठेवायची, वर आकाशापर्यंत, खाली पार्किंग न करता, आणि तिचं फाटक रस्त्याच्या बाजूला.

पहिल्या दोन अटींवर कुणी काही बोललेलं नाही. तिसरीवर बिल्डरचं म्हणणं आलंय, की एवढी जागा सोडली तर प्रत्येक हिस्सेदाराच्या वाट्याचं क्षेत्र कमी होईल, आणि किती ते त्याने चौरस फुटांत लिहून पाठवलंय. वाडा पडू देणार नाही म्हणणाऱ्या तटातल्या दोघांनी तो आकडा बघून रात्रीच फोन केला: दरवाजा लॉबीत लावायचं ठरत असेल, तर चौकाचा एवढा आग्रह धरू नकोस.